नंबर प्लेटवरून गाडीचं वय कसं ओळखायचं, आणि पंधरा वर्षं भरल्यावर रिपासिंग कसं करायचं

महाराष्ट्रातल्या साध्या नंबर प्लेटवर गाडीचं वर्ष कुठेही लिहिलेलं नसतं. ‘एमएच’ म्हणजे राज्य, पुढचे दोन आकडे म्हणजे आरटीओ कार्यालय (१२ पुणे, १४ पिंपरी-चिंचवड, १५ नाशिक, ०९ कोल्हापूर, ३१ नागपूर), त्यानंतरची अक्षरं म्हणजे मालिका आणि शेवटी जास्तीत जास्त ९९९९ पर्यंतचा क्रमांक. प्लेट एवढंच सांगते की हा नंबर कोणत्या कार्यालयानं दिला आणि साधारण कोणत्या काळात दिला. जुनी गाडी घेणाऱ्यांची गफलत इथेच होते, कारण नंबर मिळण्याचा काळ आणि गाडीचं वय या दोन गोष्टी नेहमी जुळतातच असं नाही.

अंदाज मात्र बांधता येतो. प्रत्येक कार्यालयात मालिका क्रमानं पुढे सरकते. एक अक्षर संपलं की पुढचं, एकेरी अक्षरं संपली की दुहेरी. ‘आय’ आणि ‘ओ’ ही अक्षरं १ आणि ० सारखी दिसतात म्हणून वापरत नाहीत. पुण्यासारख्या मोठ्या शहराची एकेरी अक्षराची कार दिसली तर ती बरीच जुनी, इतपत म्हणायला हरकत नाही. पण दुचाकी, चारचाकी आणि व्यावसायिक वाहनं यांच्या मालिका वेगवेगळ्या चालतात, त्यामुळे स्कूटरच्या मालिकेवरून कारचं वय काढू नये. त्यातही पसंतीच्या क्रमांकासाठी तिप्पट शुल्क भरून दुचाकीच्या मालिकेतला नंबर कारला घेता येतो. पुण्यातल्या आणि गडचिरोलीतल्या एकाच अक्षराच्या मालिकेत कित्येक वर्षांचं अंतर असू शकतं, कारण पुण्यात मालिका भराभर संपतात.

‘एमएच’ नसलेली, नुसत्या तीन इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारी प्लेट असेल तर गाडी साधारण १९८९ ची किंवा त्याआधीची. मोटार वाहन कायदा १९८८ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि तेव्हा आजची पद्धत आली.

दोन प्रकारच्या प्लेटवर वर्ष सरळ वाचता येतं. सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालेल्या बीएच म्हणजे भारत मालिकेत पहिले दोन आकडे नोंदणीच्या वर्षाचे असतात. ‘२२ बीएच’ म्हणजे २०२२. सैन्याच्या गाड्यांवर वर तोंड केलेला बाण असतो आणि बाणानंतरचे दोन आकडे गाडी सैन्यात दाखल झाल्याचं वर्ष सांगतात.

उलट, प्लेट नवी कोरी दिसते म्हणून गाडी नवी समजू नका. १ एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी म्हणजे एचएसआरपी येतेच, पण त्याआधीच्या गाड्यांनाही ती बसवणं बंधनकारक केलेलं असल्यामुळे २००८ च्या गाडीवरही आज चकचकीत पाटी दिसते. याहून मोठा चकवा परराज्यातल्या गाडीचा. दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवायची तर तिची इथे पुन्हा नोंदणी करून नवा ‘एमएच’ नंबर घ्यावा लागतो. तो त्या वेळच्या चालू मालिकेतला असतो. गाडी २०१२ ची आणि नंबर २०२१ चा, असं सर्रास होतं. गाडी महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात दुसऱ्या जिल्ह्यात गेली तर मात्र नंबर बदलत नाही.

म्हणून नंबरवरून फक्त संशय घ्यावा आणि खात्री दोन ठिकाणी करावी. पहिलं, एमपरिवहन ॲप किंवा परिवहन पोर्टलवर नंबर टाकून नोंदणीची तारीख पाहणं. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं, पण नोंदणी दिनांक, इंधन आणि वैधता दिसते. दुसरं, गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चासी नंबर. तो १७ अक्षर-अंकांचा असतो आणि बहुतेक कंपन्यांच्या गाड्यांत डावीकडून दहावं स्थान उत्पादन वर्षाचं असतं. १ ते ९ हे आकडे २००१ ते २००९ साठी, मग ए म्हणजे २०१०, बी २०११, सी २०१२, डी २०१३, ई २०१४, एफ २०१५, जी २०१६, एच २०१७. आय वगळून जे २०१८, के २०१९, एल २०२०, एम २०२१, एन २०२२. पुन्हा ओ वगळून पी २०२३, क्यू वगळून आर २०२४, एस २०२५. महिन्याचं अक्षर प्रत्येक कंपनी वेगळ्या जागी ठेवते, त्यामुळे महिना आरसीवरच (नोंदणी प्रमाणपत्रावरच) बघावा. चासी नंबर आरसीवरून उतरवून न घेता गाडीवर कोरलेला वाचावा. तिथे घासल्याच्या, वेल्डिंगच्या किंवा ताज्या रंगाच्या खुणा दिसल्या तर पुढची बोलणी थांबवलेली बरी. सीट बेल्ट पूर्ण ओढला की तळाशी शिवलेल्या पट्टीवर बहुधा बेल्टच्या उत्पादनाची तारीख सापडते, ती ताडून पाहायला बरी पडते.

समजा आरसीवर नोंदणी १२ मार्च २०११, उत्पादन ११/२०१० आणि चासीत दहावं अक्षर ‘ए’ आहे. बाजारात या गाडीचा भाव २०१० ची म्हणून होतो. कायद्याच्या लेखी मात्र वय १२ मार्च २०११ पासून मोजलं जातं आणि नोंदणी १५ वर्षं, म्हणजे ११ मार्च २०२६ पर्यंत चालते. जुनी गाडी घेताना या दोन्ही तारखा लागतात. एक किमतीसाठी, दुसरी रिपासिंग किती दिवसांवर आलंय हे कळण्यासाठी.

रिपासिंग म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण. खासगी कार आणि दुचाकी त्याला पात्र असतात आणि मंजूर झालं की दर खेपेला पाच वर्षं मिळतात. सरकारी मालकीच्या गाड्यांना १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांनंतर ही मुभा नाही. अर्ज नमुना २५ मध्ये करायचा आणि मुदत संपण्याआधी ६० दिवसांच्या आत करता येतो. वरच्या गाडीसाठी ही खिडकी १० जानेवारी २०२६ ला उघडते. पहिल्याच आठवड्यात अर्ज टाकावा. तपासणीत काही दुरुस्ती निघाली तर तेवढे दिवस हाताशी राहतात.

परिवहन पोर्टलवर वाहनविषयक सेवांमध्ये महाराष्ट्र निवडून गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे पाच आकडे टाकायचे. ओटीपी आरसीशी जोडलेल्या मोबाइलवर येतो. पंधरा वर्षांपूर्वीचा नंबर बंद पडलेला असणं ही नेहमीची अडचण, म्हणून आधी मोबाइल नंबर अद्ययावत करून घ्यावा. मग नूतनीकरण निवडून विमा आणि पीयूसीचा (प्रदूषण तपासणी प्रमाणपत्राचा) तपशील भरायचा, शुल्क भरायचं आणि तपासणीची वेळ घ्यायची.

मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी, कर भरल्याचा पुरावा, ओळख आणि पत्त्याचा पुरावा, पॅन किंवा त्याऐवजी नमुना ६०, आणि चासी नंबरचा पेन्सिलनं घेतलेला ठसा, एवढे कागद जवळ ठेवावेत. ठसा कागदावर चिकटपट्टीनं चिकटवून न्यावा. घडी पडून फिसकटलेला ठसा परत आणायला लावतात. एचएसआरपी बसवलेली असावी.

कारसाठी नूतनीकरणाचं शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आणि दुचाकीसाठी १,००० रुपये झालं. वीस वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये ते कारला १०,००० आणि दुचाकीला २,००० रुपये करण्यात आलं. उशिराचा दंड कारला दरमहा ५०० आणि दुचाकीला ३०० रुपये, म्हणजे तीन महिने चुकले की कारवर १,५०० रुपये जादा. तपासणीचं शुल्क वेगळं. शिवाय महाराष्ट्रात पंधरा वर्षांपुढच्या गाडीला पर्यावरण कर पाच वर्षांचा एकरकमी भरावा लागतो आणि तो इंधनानुसार बदलतो. दर अधूनमधून बदलतात, त्यामुळे अर्जाच्या शेवटी पोर्टल जो आकडा दाखवेल तोच धरावा.

अर्ज अडतात ते बहुधा गाडीच्या अवस्थेमुळे नव्हे, नोंदींमुळे. कर्ज कधीच फिटलं, पण आरसीवरचा बँकेचा बोजा उतरवलेला नाही, हे सगळ्यात जास्त आढळतं. बँकेचं ना हरकत प्रमाणपत्र आणि नमुना ३५ देऊन तो आधी उतरवावा. बाहेरून बसवलेलं सीएनजी किट किंवा बदललेला रंग आरसीवर नसेल तर निरीक्षक तिथेच थांबवतो. थकलेली ई-चलनंही आधीच बघून भरून टाकावीत. आरसी जुन्या पुस्तकाच्या रूपात असेल आणि पोर्टल गाडी सापडत नाही म्हणत असेल, तर ती संगणकावर चढलेलीच नाही. अशा वेळी मूळ पुस्तक घेऊन ज्या आरटीओत नोंदणी झाली तिथे जाऊन बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवून घ्यावी लागते आणि त्याला वेळ लागतो.

तपासणीला हेडलाइट, इंडिकेटर, ब्रेक लाइट, हॉर्न, वायपर, ब्रेक, टायरची नक्षी आणि सीट बेल्ट बघतात. पंधरा वर्षांच्या गाडीत पिवळी पडलेली हेडलाइटची काच हमखास असते. ती आधी पॉलिश करून घेतलेली बरी. चासी नंबर कोरलेल्या जागेवरची धूळ आणि ग्रीसही घरूनच पुसून जावं.

वैधता संपलेली गाडी रस्त्यावर आणली तर ती विनानोंदणी गाडी धरली जाते. अपघात झाल्यास विमा कंपनी दाव्यात याच मुद्द्यावर बोट ठेवते. रिपासिंग उरकेपर्यंत ती दारात उभी राहू द्यावी आणि तपासणीच्या दिवशी नेताना अर्ज आणि शुल्काच्या पावत्या सोबत ठेवाव्यात.