शहरातल्या शाळांत पाण्यावरची शेती आली कुठून?

मुंबई-पुण्यातल्या बऱ्याच शाळांच्या गच्चीवर किंवा प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात आता पांढरे पीव्हीसी पाइप दिसतात. त्यांना ओळीने भोके पाडलेली असतात आणि प्रत्येक भोकातून लेट्यूस, पालक किंवा पुदिना डोकावत असतो. माती नसते, पाइपातून पोषक क्षार विरघळवलेले पाणी फिरते. यालाच हायड्रोपोनिक्स म्हणतात. विज्ञान आणि पर्यावरण एकाच वेळी शिकवण्याचे साधन म्हणून ही मांडणी शाळेत येते. तिच्यामागे दोन वेगळे इतिहास आहेत. एक शाळेतल्या हातकामाचा, दुसरा वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेचा. दोन्ही अनेक दशके समांतर चालले आणि त्यांची गाठ अगदी अलीकडे पडली.

हातकामाची बाजू बहुतेकांच्या ओळखीची आहे. वर्ध्याच्या १९३७ च्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाभोवती शिक्षण गुंफण्याची कल्पना मांडली. पुढे १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाने ‘कार्यानुभव’ सुचवला आणि १९७७ च्या समितीने ‘समाजोपयोगी उत्पादक कार्य’. गावातल्या शाळेला शेती हा साहजिक उद्योग होता. शहरातल्या शाळेकडे जमीनच नव्हती, त्यामुळे तिथे कार्यानुभवाचा तास कागदकाम, शिवण आणि खिडकीतल्या चार कुंड्यांवर भागला. पर्यावरण शिक्षणाचेही तसेच झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ते सक्तीचे करायला सांगितले, २००३ मध्ये पुन्हा बजावले, आणि विषय आला तो मुख्यतः वहीत. अकरावी-बारावीची पर्यावरणाची जर्नल कशी भरली जातात, हे वेगळे सांगायला नको. केंद्राने २०१९ मध्ये शालेय परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. जागा नसेल तर डबे, खोकी, पिशव्या, गच्ची चालेल, असे त्यांत स्पष्ट होते. शहरी शाळांना मोकळीक मिळाली ती इथे.

प्रयोगशाळेची बाजू जुनी आहे, पण शाळेच्या दृष्टीने तिच्यातले थोडेच टप्पे महत्त्वाचे. इंग्लंडमध्ये १६९९ मध्ये पुदिन्याची रोपे वेगवेगळ्या पाण्यात वाढवून पाहिली गेली. झाड नुसत्या पाण्यावर जगत नाही, हे त्यातून कळले. १८६० च्या सुमारास जर्मनीत शुद्ध पाण्यात मोजून क्षार घालून रोपे वाढवण्याची रीत बसली. तिचा हेतू भाजी पिकवणे हा नव्हताच. एकेक क्षार वगळायचा आणि झाड काय सांगते ते पाहायचे, यासाठी ती होती. शेती हा शब्द तिला चिकटला तो १९२९ नंतर, कॅलिफोर्निया विद्यापीठात. शिडी लावून टोमॅटो तोडतानाची छायाचित्रे छापून आली, १९३७ मध्ये ‘हायड्रोपोनिक्स’ हे नाव रूढ झाले आणि लोकांच्या अपेक्षा आभाळाला टेकल्या. १९३८ मध्ये त्याच विद्यापीठातल्या दोघा शास्त्रज्ञांनी नीट तुलना केली. चांगल्या मातीतल्या पिकापेक्षा पाण्यातल्या पिकात विलक्षण काही नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी दिलेले क्षारांचे द्रावण मात्र आजही जगभर प्रमाण मानतात. आपल्या देशातला टप्पा १९४६ चा, बंगालमधल्या कालिम्पाँगचा. तिथे वाळू-खडीच्या वाफ्यांवर कोरडे क्षार पसरून, पंपाशिवाय, साध्या माणसाला झेपेल अशी ‘बंगाल पद्धत’ तयार झाली. शाळांनी तिच्याकडे पाहायला हवे होते, असे मला मनापासून वाटते. पण आज शाळेत येते ती पंप आणि पाइपवाली मांडणी.

आता शब्दाचा गुंता. मराठीत ‘हायड्रोपोनिक’ हा शब्द घरोघरी पोहोचला तो भाजीमुळे नाही, चाऱ्यामुळे. गोव्यात २०१० नंतरच्या वर्षांत दूध उत्पादकांसाठी अशा चाऱ्याची युनिटे उभी राहिली. मराठवाड्यात २०१२-१३ च्या आणि पुढे २०१५-१६ च्या दुष्काळात कृषी प्रदर्शनांतून, वर्तमानपत्रांतून, शेजारच्याचे पाहून तो पसरला. मका रात्रभर भिजवायचा, गोणपाटात बांधून मोड आणायचे, ट्रेमध्ये पसरून शेडनेटखाली दिवसातून अनेकदा पाणी फवारायचे. आठ-दहा दिवसांत हिरवीगार लादी तयार होते, मुळांसकट गुंडाळता येणारी. एक किलो मक्यापासून पाच-सहा किलो चारा, हा आकडा तेव्हा सगळ्यांच्या तोंडी होता.

म्हणून शहरातल्या वर्गातही हा विषय निघाला की एखादे मूल हमखास सांगते, “आमच्या मामांकडे आहे, गाईला घालतात.” ते बरोबरच सांगत असते, आणि शिक्षकाची अडचण तिथेच सुरू होते. कारण त्या ट्रेमध्ये पोषक द्रावण बहुधा नसतेच, साधे पाणी असते. मक्याचे कोंब दाण्यातल्या साठ्यावर वाढतात, आपण मटकीला मोड आणतो तसेच. वजन पाच-सहा पट होते ते मुख्यतः पाण्यामुळे. चारा वाळवून तोलला तर मूळ मक्यापेक्षा थोडा कमीच भरतो, कारण कोंब फुटताना दाण्यातला काही पिठूळ भाग श्वसनात खर्च होतो. चारा जनावराला रुचतो, पचायला हलका असतो, पावसाने ओढ दिली की हिरवे काही मिळते. त्याचे मोल कमी नाही. पण शेतकऱ्याला विकताना ‘पाचपट’ हा शब्द वापरला गेला तेव्हा कोरड्या वजनाचा हिशेब सोबत द्यायला हवा होता. अनेकांनी तो कळेपर्यंत ट्रे आणि फवाऱ्यांवर पैसे घातले होते.

म्हणजे एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी नांदतात. एकीत झाड बियाण्याची शिदोरी खाते, दुसरीत पाण्यात विरघळलेले नायट्रेट, पोटॅश, कॅल्शियम, लोह. फरक समजायला शाळेत दोन ग्लास पुरतात. दोन्हींत मेथी रुजवायची, एकात साधे पाणी, दुसऱ्यात द्रावण. पहिला आठवडा दोन्ही सारखी दिसतात. मग साध्या पाण्यातली फिकट पडून थांबते, कारण शिदोरी संपलेली असते. ‘मातीविना शेती’ या नावाने हा गुंता सुटत नाही, कारण ते दोन्हींना लागू पडते. प्रदर्शनातल्या फलकांवर ‘रसायनमुक्त भाजी’ असे लिहिलेले असते, तेही चूकच. किडींचे औषध मारलेले नसेल, पण रोप वाढले आहे ते पूर्णपणे क्षारांवर. युरोपीय संघ अशा पिकाला सेंद्रिय मानत नाही. अमेरिकेत मानतात, पण २०१७ मध्ये त्याला सेंद्रिय म्हणण्यावर बंदी घालण्याचा प्रस्ताव तिथल्या सल्लागार मंडळात एका मताने पडला होता, आठ विरुद्ध सात.

शाळांचा अलीकडचा ओढा तिकडूनच आला. न्यू यॉर्कमध्ये २००७ पासून नदीतल्या एका तराफ्यावर हरितगृह उभे राहिले, आणि ते पाहून आलेल्या पालकांच्या उत्साहातून २०१० मध्ये मॅनहॅटनमधल्या एका सरकारी शाळेच्या गच्चीवर हरितगृहाचाच वर्ग झाला. आपल्याकडे २०१६ पासून शाळांना टिंकरिंग प्रयोगशाळांसाठी, म्हणजे मुलांनी स्वतः यंत्रे जुळवून पाहण्याच्या खोल्यांसाठी, २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळू लागले. सेन्सर, पंप आणि छोटे संगणकीय बोर्ड हाताशी आले की त्यांना काहीतरी काम लागते, आणि भाजीच्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लपणा, मोजणे हे काम छान जमते. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवले, हस्तकामांत बागकामाचे नाव घेतले. विक्रेतेही शाळेच्या दारात आले, तयार संच घेऊन.

संचासोबत येणारे वाक्य असते, ‘९० टक्के पाणी वाचते’. २०१५ मध्ये ॲरिझोनातल्या शेतातल्या आणि हायड्रोपोनिक लेट्यूसची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. किलोमागे पाणी सुमारे २५० लिटरवरून २० लिटरवर आले होते, म्हणजे वाक्य खरे आहे. पण त्याच अभ्यासात किलोमागे लागणारी ऊर्जा सुमारे ८० पट निघाली, मुख्यतः हरितगृह तापवण्या-थंड करण्यासाठी. मुंबईच्या गच्चीवर हा आकडा जसाच्या तसा लागू होणार नाही. पण पर्यावरणाच्या तासाला पाण्याचा आकडा फळ्यावर लिहायचा आणि विजेचा नाही, हे मला अप्रामाणिक वाटते. मीटरचे रीडिंग घेणे सातवीच्या मुलांना सहज जमते.

वीज नको असेल तर हवाई बेटांवर १९९० च्या दशकात नावारूपाला आलेली पंपाविना पद्धत आहे. दोन लिटरची शीतपेयाची बाटली, आतला उजेड अडवून शेवाळ टाळायला भोवती काळा कागद, तोंडाशी स्पंजात धरलेले रोप. द्रावण हळूहळू खाली जाते, वरची मुळे ओलसर हवेत उघडी पडतात आणि तिथून प्राणवायू घेतात. शाळेत घोटाळा होतो तो नेमका इथे. पाणी कमी झालेले पाहून कोणीतरी मायेने बाटली काठोकाठ भरते आणि दोन दिवसांत रोप मान टाकते. ते का मेले, हे शोधण्यात एक तास फार चांगला जातो.

२०२२ मध्ये मात्र एक निर्णय असा झाला की त्याने या सगळ्याचा पायाच पातळ केला. करोनानंतर अभ्यासक्रम हलका करताना केंद्रीय पाठ्यपुस्तकांतून अकरावीच्या जीवशास्त्रातला खनिज पोषणाचा पाठ वगळला गेला. १८६० च्या जर्मन प्रयोगाचा उल्लेख त्याच पाठात होता. भार कमी करण्याची गरज खरी होती, तरी हा पाठ जायला नको होता. खालच्या वर्गात मुले पाइपमध्ये पालक वाढवतात आणि त्याचे कारण सांगणारे पान वरच्या वर्गात उरलेले नाही. राज्य मंडळाच्या बारावीत खनिज पोषण आहे, पण मधल्या पाच वर्षांत गच्चीवरची बाग विसरलेली असते.

तयार संचाने आणखी एक गोष्ट लपवली जाते. त्यात ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बाटल्या येतात. दोन का, तर दाट द्रावणात कॅल्शियम आणि सल्फेट-फॉस्फेट एकत्र आले की खाली पांढरा साका बसतो. पण आतले क्षार आधीच मिसळलेले असल्याने एकच घटक वगळून पाहता येत नाही. त्यासाठी पाच-सहा क्षार सुटे आणावे लागतात, आणि शाळेतला तराजू त्याला पुरतो. मग एका बाटलीत लोह घालायचे नाही, दुसरीत नायट्रोजन. लोह नसलेल्या रोपाचे कोवळे पान पिवळे पडते आणि त्यातल्या शिरा हिरव्या राहतात. जुनी पाने तशीच राहतात, कारण त्यांच्यातले लोह सहज हलत नाही. नायट्रोजन नसलेल्या रोपात उलटे होते. खालची जुनी पाने आधी पिवळी होतात, कारण रोप त्यांच्यातला नायट्रोजन काढून वरच्या कोंबाला देते.