अमेरिकेतील प्राप्तिकर : जोडीदार भारतात असताना फायलिंग स्टेटस कोणते निवडावे?

भारतात जाऊन लग्न करून अमेरिकेतील नोकरीवर परतलेले अनेक जण, जोडीदाराला अजून व्हिसा मिळालेला नाही म्हणून, विवरणपत्रात फायलिंग स्टेटस (वैवाहिक स्थितीनुसार ठरणारा करदात्याचा गट) म्हणून 'सिंगल'वर खूण करतात. ही निवड चुकीची आहे. वैवाहिक स्थिती ३१ डिसेंबरला जी असेल ती धरली जाते. त्यामुळे लग्न २८ डिसेंबरला साताऱ्यात झाले असले, तरी तुम्ही संपूर्ण वर्षासाठी विवाहित ठरता. भारतातील आईवडिलांना पैसे पाठवता म्हणून 'हेड ऑफ हाउसहोल्ड' (अवलंबितांचा खर्च उचलणाऱ्या कुटुंबप्रमुखाचा गट) हा दर्जाही मिळत नाही, कारण भारतात राहणारे भारतीय नागरिक त्या नियमात बसत नाहीत.

उरतात एकत्र आणि स्वतंत्र विवरणपत्र. २०२५ या करवर्षासाठी प्रमाणित वजावट (करपात्र उत्पन्नातून सरसकट वजा होणारी रक्कम) एकत्र भरल्यास ३१,५०० डॉलर आणि स्वतंत्र भरल्यास १५,७५० डॉलर आहे. मात्र एकत्र भरण्यासाठी वर्षअखेरीस तुम्ही स्वतः करदृष्ट्या 'रेसिडेंट' असावे लागते, जोडीदारालाही तसेच धरावे असे दोघांच्या सह्यांचे निवेदन पहिल्या वर्षी जोडावे लागते, आणि मग जोडीदाराचा पुण्यातील पगार व मुदत ठेवीचे व्याजही दाखवावे लागते. भारतात भरलेल्या कराची सवलत फॉर्म १११६ वर मागता येते.

खरी अडचण येते ती जोडीदाराच्या आयटीआयएनची, म्हणजे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसलेल्यांना मिळणाऱ्या कर-ओळख क्रमांकाची. त्यासाठीचा डब्ल्यू-७ अर्ज विवरणपत्रालाच जोडून पाठवायचा असतो. पासपोर्टची नोटरीने साक्षांकित केलेली प्रत आयआरएसला (अमेरिकेच्या कर खात्याला) चालत नाही; मूळ पासपोर्ट किंवा तो देणाऱ्या कार्यालयाने प्रमाणित केलेली प्रतच लागते. व्हिसाची मुलाखत तोंडावर असताना मूळ पासपोर्ट टपालात टाकण्याची अपेक्षा ठेवणे अर्जदारांवर अन्यायाचे आहे. आयआरएसने मान्यता दिलेल्या 'सर्टिफाइंग ॲक्सेप्टन्स एजंट'कडून पासपोर्ट तपासून घेतल्यास तो हातातून सोडावा लागत नाही. तोच मार्ग धरावा.

मुदत सहसा १५ एप्रिलला संपते. फॉर्म ४८६८ भरल्यास ती १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते, पण ही सवलत केवळ विवरणपत्रापुरती असते. कर एप्रिलमध्येच भरावा लागतो, अन्यथा व्याज चढते. ऑक्टोबरपर्यंतही कागदपत्रे जमली नाहीत, तर स्वतंत्र विवरणपत्र भरावे. ते मूळ मुदतीपासून तीन वर्षांच्या आत १०४०-एक्स या दुरुस्तीच्या फॉर्मने बदलून एकत्र करता येते; याउलट, एकत्र भरलेले विवरणपत्र मुदत उलटल्यावर स्वतंत्र करता येत नाही.