ओल्या कचऱ्याची शेताकडची वाट

ओला कचरा घरातच वेगळा ठेवावा, त्याचे खत व्हावे आणि ते शेतात जावे, यासाठी जगभरातील स्थानिक स्वराज्य संस्था आज जी धडपड करतात, ती पाहता ही कल्पना नवी वाटते. प्रत्यक्षात शहरातली घाण शेतात जाणे हीच जुनी रीत होती. जपानच्या एदो शहरातले, म्हणजे आजच्या टोकियोतले, सोनखत आसपासचे शेतकरी पैसे किंवा भाजीपाला मोजून घेऊन जात. घाणीला भाव होता, म्हणून ती साचत नव्हती.

एकोणिसाव्या शतकात शहरे फुगली, साथी पसरल्या आणि कचरा उचलणे हे नगरपालिकांचे काम झाले. पण तो लवकर नजरेआड करणे एवढेच उद्दिष्ट उरले. 1874 साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे कचरा जाळण्याची भट्टी उभी राहिली. त्याच काळात पॅरिसचे प्रशासक यूजेन पूबेल यांनी मात्र वेगळा विचार केला. 1883 च्या त्यांच्या आदेशानुसार प्रत्येक इमारतीत तीन डबे ठेवायचे होते: एक सडणाऱ्या कचऱ्यासाठी, दुसरा कागद व चिंध्यांसाठी आणि तिसरा काच, फुटकी भांडी व कालवांच्या शिंपल्यांसाठी. वर्गीकरणाचा भाग टिकला नाही. फ्रेंच भाषेत कचऱ्याच्या डब्याला पूबेल यांचे नाव तेवढे कायमचे चिकटले.

शेतीच्या बाजूने या प्रश्नाला खरे उत्तर मिळाले ते इंदूरमध्ये. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी 1924 ते 1931 या काळात तेथे काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते ठरावीक अंतराने उलथेपालथे करून, सुमारे 3 महिन्यांत खत तयार करण्याची पद्धत बसवली. उकिरडा शेतकऱ्याला ठाऊकच होता. हवा, ओल आणि हिरव्या-वाळलेल्या मालाचे प्रमाण सांभाळले तर तोच उकिरडा किती लवकर आणि किती चांगले खत देतो, हे या कामाने दाखवले. पुढे 1939 च्या सुमारास बंगळुरूला सी. एन. आचार्य यांनी शहराचा कचरा व मैला चरांमध्ये थरांनी भरून मातीने झाकण्याची, वारंवार उलथण्याची गरज नसलेली पद्धत विकसित केली आणि नगरपालिकांना पेलेल असा मार्ग मिळाला.

मग ही वाट मोडली कुठे? माझ्या मते, कचऱ्याचा स्वभाव बदलला तिथे. नेदरलँड्समध्ये 1929 साली स्थापन झालेल्या कंपनीमार्फत द हेगचा कचरा रेल्वेने ड्रेंथे प्रांतात नेऊन त्याचे खत केले जाई. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिक, काच आणि बॅटऱ्या वाढल्या, तसे मिश्र कचऱ्याचे खत ठिकठिकाणी संशयास्पद ठरू लागले. मूठभर खत हातात घेतल्यावर त्यात काचेचे कण चमकत असतील, तर कोणता शेतकरी ते जमिनीत घालील? शिवाय बॅटऱ्यांसारख्या वस्तूंमधून खतात उतरणारे शिसे-पाऱ्यासारखे जड धातू डोळ्यांना दिसतही नाहीत. यंत्राने मागाहून चाळण्यापेक्षा घरातच वेगळे करणे बरे, हे 1983 साली जर्मनीतील विट्सेनहाउझेन येथे सुरू झालेल्या ओल्या कचऱ्याच्या स्वतंत्र डब्याच्या प्रयोगातून स्पष्ट झाले. युरोपीय संघाने 1999 च्या निर्देशात भराव-भूमीत, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेत, जाणारा जैविक कचरा टप्प्याटप्प्याने 1995 मधल्या प्रमाणाच्या 35 टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचे बंधन घातले आणि स्वतंत्र संकलनाला जोर आला.

शेतातल्या कचऱ्याचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण तो विखुरलेला असतो आणि कापणीनंतर पुढच्या पेरणीपर्यंत दिवस थोडे उरतात. म्हणूनच काडी लावून शेत मोकळे करण्याची सवय सर्वत्र पडली. इंग्लंडमध्ये 1993 पासून पेंढा जाळण्यावर बंदी आली. डेन्मार्कमध्ये 1980 च्या दशकापासून अनेक शेतकऱ्यांचे शेण-मूत्र आणि अन्नप्रक्रिया उद्योगांचा ओला कचरा एकत्र आणून सामायिक बायोगॅस प्रकल्प चालवले गेले. गॅस काढून घेतल्यावर उरलेली मळी पुन्हा शेतात जाते. मात्र आच्छादनाचा फाटका प्लास्टिक कागद आणि कीटकनाशकांचे रिकामे डबे या साखळीत कोठेच बसत नाहीत, आणि घरोघर फिरणारी कचरागाडी बांधापर्यंत पोहोचत नाही.