पांगुळगाडा : माळ्यावरून खाली आलेला इतिहास

माळ्यावरचा पांगुळगाडा (चालायला शिकणाऱ्या मुलाने धरून ढकलायची लाकडी चाकगाडी) खाली काढला की घरात वाद ठरलेला : हा पणजोबांनी करवून घेतला, की आत्याच्या वेळी आला? जन्मपत्रिका जपून ठेवतात, खेळण्यांची नोंद कुणी करत नाही. मग गाड्यालाच बोलतं करावं लागतं. सांधे लाकडी खुंट्यांनी पक्के केलेले असतील तर तो बहुधा जुना; तारेचे खिळे, स्क्रू दिसले तर अलीकडचा, निदान नंतर दुरुस्त केलेला. रंगावरूनही बरंच कळतं. कातकामात, म्हणजे लाकूड फिरवत घडवताना, ते गरगर फिरत असतानाच त्यावर लाखेची कांडी टेकवतात, घर्षणाने लाख वितळून लाकडाला धरते, मग केवड्याच्या पानाने घासून तकाकी आणतात. ऑइलपेंट असेल तर पापुद्रे सुटतात आणि तांबड्याखाली हिरवा, हिरव्याखाली निळा दिसतो. घरात बाळंतपण आलं की कुणीतरी ब्रश फिरवलेला असतो.

लाखकाम दिसलं की ‘सावंतवाडीचा’ म्हणून मोकळं व्हायची आपल्याकडे सवय आहे. पण लाखेची खेळणी कर्नाटकातल्या चन्नपट्टणलाही होतात, वाराणसीलाही. घाटावरचे पुष्कळसे गाडे तर गावच्या सुतारानेच उरल्यासुरल्या सागातून जोडलेले असतात, त्यांना लाख लागलेलीच नसते.

फार मागे गेलं की दायमाबाद, नगर जिल्ह्यातलं प्राचीन वसाहतीचं ठिकाण, येतंच. १९७४ साली तिथे एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना दोन बैलांचा रथ, गेंडा, रेडा आणि हत्ती अशी काशाची शिल्पं सापडली. गेंडा आणि रेडा चाकांवर आहेत. पण चौघांचं वजन मिळून साठ किलोंच्या वर, तेव्हा ही पोरांची खेळणी नव्हेत. सिंधू संस्कृतीतल्या मातीच्या गाड्या नात्याने जवळच्या. आधाराला धरून चालण्याची चाकांची चौकट पंधराव्या शतकातल्या युरोपी चित्रांतही दिसते, म्हणून ‘ही आमचीच कल्पना’ हा दावा जरा बेतानेच करावा.

गाडा माळ्यावर गेला तो गेल्या शतकाच्या अखेरीस. दोष प्लास्टिकला देतात, पण जमीनही तितकीच कारण आहे. सारवलेल्या जमिनीवर चाक जड चालतं, गाडा मुलाला सोडून पळत नाही. शहाबादी फरशीवरही निभायचं. गुळगुळीत टाइल्सवर मात्र तो सुसाट सुटतो आणि पोर तोंडावर. (चाकांना सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चढवली की बराच ताळ्यावर येतो.)

मग बाजारात वॉकर आला : गोल चौकट, मधे कापडी बैठक, खाली चाकं. पांगुळगाड्याची खरी बदनामी याच्यामुळे झाली. ७ एप्रिल २००४ रोजी कॅनडाने वॉकरवर बंदी घातली. विक्री, आयात, जाहिरात, सगळंच बंद. जुना विकायलाही मनाई. २०१८ मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास आला. १९९० ते २०१४ या काळात पंधरा महिन्यांखालची दोन लाख तीस हजारांहून अधिक बाळं वॉकरमुळे जखमी होऊन रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आली होती, त्यांतली बहुतेक जिन्यावरून पडून. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बंदीची मागणी पुन्हा केली.

या बातम्या आपल्याकडे ‘चालायला शिकवणारी गाडी धोकादायक’ अशा मोघम रूपात पोचल्या आणि पांगुळगाडाही त्याच रांगेत उभा केला गेला. वास्तविक कॅनडाच्या बंदीतली व्याख्याच स्पष्ट आहे : चाकांवरची, मुलाला आत बसवणारी किंवा उभं ठेवणारी बंदिस्त जागा असलेली वस्तू. पांगुळगाड्याला अशी जागाच नाही. वॉकरमध्ये मूल बैठकीवर लोंबकळतं, चवड्यांनी ढकलतं आणि बसायला लागण्याच्या वयातच घरभर वेगाने फिरतं. पांगुळगाडा धरायचा तर आधी स्वतःच्या पायांवर उभं राहावं लागतं. हात सुटला की मूल मटकन खाली बसतं. जिन्याजवळ दोन्हींवर लक्ष हवंच, पण दोन्ही एका मापाने मोजणं हा गाड्यावर अन्याय आहे.

पुढचा घोळ देशी. २०२० मध्ये केंद्राने खेळण्यांना गुणवत्ता चिन्ह सक्तीचं केलं. अंमल १ जानेवारी २०२१ पासून. चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळासाठीची प्रत्येक वस्तू यात आली. चाचण्यांचा खर्च कारखान्याला झेपतो, महिन्याला चार गाडे करणाऱ्याला कसा झेपणार? ओरड झाल्यावर डिसेंबर २०२० मध्ये नोंदणीकृत हस्तकारागिरांना आणि भौगोलिक मानांकन (ठरावीक गावच्या वस्तूला मिळणारी सरकारी ओळख, जीआय) असलेल्या वस्तूंच्या अधिकृत उत्पादकांना सूट मिळाली. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांना ते मानांकन २०२४ मध्ये मिळालं. घाटावरचा सुतार मात्र नोंदणी केली तरच सुटतो, आणि वर्षाकाठी दोन गाडे करणारा माणूस त्यासाठी कागद रंगवत बसेल असं वाटत नाही.

घरचा जुना गाडा या नियमांत येत नाही, तो विकायचाच नसतो. त्याचा प्रश्न शिशाचा. घरगुती रंगांतल्या शिशावर दशलक्ष भागांत ९० ही मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली; त्याआधीच्या ऑइलपेंटची खात्री देता येत नाही. आणि दात येणारं मूल गाड्याची मूठ चघळतंच. मुठीचा रंग कोरडा खरवडू नये, धूळ घरभर होते. नवी मूठ कातून बसवणं सोपं. लाखेचा जुना दांडा तेवढा जपून ठेवावा.