विकत घेतलेला कचरा

रसायन कारखान्यातून टाकाऊ म्हणून जे बाहेर पडते, त्यातला मोठा भाग पैसे मोजून विकत घेतलेला कच्चा माल असतो, आणि त्याची विल्हेवाट लावण्यासाठी कारखानदाराला पुन्हा पैसे मोजावे लागतात. एक किलो उत्पादनामागे किती किलो कचरा तयार होतो, हे सांगणारे ‘ई-फॅक्टर’ नावाचे साधे माप रॉजर शेल्डन या रसायनशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये मांडले. प्रचंड प्रमाणात बनणाऱ्या मूलभूत रसायनांसाठी हा आकडा साधारणपणे ५ च्या आत राहतो, तर औषधनिर्मितीत तो २५ पासून १०० च्याही पुढे जातो.

औषधनिर्मितीतील या कचऱ्यात मोठा वाटा द्रावकांचा, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवांचा, असतो. द्रावक सहसा अभिक्रियेत खर्च होत नाही. तो जसा आत जातो तसाच, फक्त मळून, बाहेर येतो. म्हणूनच चक्रीय अर्थव्यवस्थेचा, म्हणजे माल फेकून न देता पुन्हा पुन्हा वापरात फिरवण्याचा, पहिला रोकडा फायदा बहुधा इथेच हाती लागतो. ऊर्ध्वपातनाने, म्हणजे उकळून त्याची वाफ पुन्हा थंड करून, तो शुद्ध करून पुन्हा वापरता येतो, मात्र निसर्ग प्रत्येक वेळी साथ देतोच असे नाही. इथेनॉल आणि पाण्याचे मिश्रण कितीही वेळा उकळले, तरी साध्या ऊर्ध्वपातनाने वातावरणीय दाबाला सुमारे ९५.६ टक्क्यांपुढे (वजनाने) इथेनॉल मिळत नाही. उरलेले पाणी आण्विक चाळणीने, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या शोषक पदार्थाने, शोषून घ्यावे लागते. मिथेनॉल आणि ॲसिटोन एकाच पिंपात ओतले, तर तेही असेच अडून बसतात, आणि वेगळे असताना सहज शुद्ध झाले असते असे दोन द्रावक जाळण्याच्या लायकीचे उरतात. त्यामुळे, ऐकायला अगदीच किरकोळ वाटले तरी, प्रत्येक द्रावकासाठी स्वतंत्र टाकी ठेवणे ही माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत शहाणपणाची गुंतवणूक आहे.

उपपदार्थांची गोष्ट जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधील सोड्याचे कारखाने लेब्लांक या जुन्या पद्धतीने चालत आणि त्यांतून निघणारा हायड्रोजन क्लोराइड वायू धुराड्यांतून बाहेर पडून आसपासची शेते जाळत असे. १८६३ च्या अल्कली कायद्याने त्यातील ९५ टक्के वायू अडवण्याची सक्ती केली. पुढे वेल्डन आणि डीकन यांच्या प्रक्रियांमुळे या हायड्रोजन क्लोराइडपासून क्लोरीन आणि त्यापासून विरंजक चूर्ण (ब्लीचिंग पावडर) बनू लागले. सॉल्वे या नव्या पद्धतीचा स्वस्त सोडा बाजारात आल्यावर लेब्लांक कारखानदार बरीच वर्षे तग धरू शकले, ते प्रामुख्याने या चूर्णाच्या कमाईवर. पॉलियुरेथेन या प्लास्टिकसाठी लागणारे आयसोसायनेट हे रसायन बनवतानाही हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, आणि आज रुथेनियम ऑक्साइडच्या उत्प्रेरकाने त्याचे पुन्हा क्लोरीन करून ते त्याच प्रक्रियेत परत पाठवता येते.

अर्थात, बंद चक्रात अशुद्धीही फिरत राहतात आणि प्रत्येक फेरीत साचत जातात. म्हणून प्रवाहाचा थोडा भाग सतत बाहेर काढावाच लागतो. शिवाय शुद्धीकरणाला लागणारी वाफ नव्या मालापेक्षा महाग पडत असेल, तर तो हिशेब भावनेने जुळवता येत नाही.

मालकीचा प्रश्नही यात येतो. द्रावक किलोवर विकणाऱ्याला ग्राहकाने तो उधळला तरी फायदाच होतो. ‘केमिकल लीजिंग’ या व्यवस्थेत मात्र ग्राहक द्रावकाऐवजी कामाचे पैसे देतो, उदाहरणार्थ स्वच्छ केलेल्या धातूच्या प्रत्येक चौरस मीटरमागे. त्यामुळे वापरलेला द्रावक परत नेऊन शुद्ध करण्यात विक्रेत्याचाच नफा असतो.