‘द मेसेज’: नाव कुणाचं, आवाज कुणाचा

‘द मेसेज’ हे हिप हॉप गाणं जुलै १९८२ मध्ये बाजारात आलं. तबकडीवर ठळक नाव ‘ग्रँडमास्टर फ्लॅश अँड द फ्युरियस फाइव्ह’: फ्लॅश हा डीजे, आणि ‘फ्युरियस फाइव्ह’ म्हणजे पाच एमसी, तालावर ओळी म्हणणारे. आणि सात मिनिटांच्या त्या गाण्यात फ्लॅशच्या हाताची करामत शोधूनही सापडत नाही.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली १९७३ ची पार्टी आणि दोन टर्नटेबलांवर लांबवलेला ब्रेक (गाण्यातला निव्वळ तालाचा तुकडा), ही हिप हॉपच्या जन्माची गोष्ट इथं पुन्हा उगाळत नाही. तेव्हा पार्टी डीजेच्या नावावर चाले आणि एमसी त्याच्या साथीला असत, एवढं पुरे. रेकॉर्डवर क्रेयॉनने खुणा करून नेमका ब्रेक पकडणं ही फ्लॅशची ओळख. १९८१ च्या ‘व्हील्स ऑफ स्टील’मध्ये ती ऐकू येते. पण न्यू जर्सीच्या त्यांच्या रेकॉर्ड कंपनीकडे पगारी वादक होते. ब्रेक तेच वाजवत, मग डीजेला स्टुडिओत काम काय उरणार?

‘द मेसेज’ अशाच एका तालवादकाच्या डोक्यातून निघालं. १९८० साली न्यूयॉर्कमध्ये बस आणि भुयारी रेल्वे ११ दिवस बंद होती. गाण्यात स्टेशनावरच्या संपाचा उल्लेख येतो तो त्यातूनच. ग्रुपला मात्र हे नकोच होतं. लोक नाचायला येतात, त्यांना महागाईचं आणि उकिरड्याचं गाणं कोण ऐकवणार? कंपनीची मालकीण हटून बसली. अखेर पाचांपैकी एकटा मेली मेल तयार झाला. शेवटचं गाजलेलं कडवं त्याचंच, आणि तेही नवं नव्हे: ग्रुपच्याच १९७९ च्या ‘सुपररॅपिन’ या गाण्यातून उचललेलं. बाकीच्यांचे आवाज येतात ते अखेरच्या पोलिसी नाट्यात.

खरा घोळ लेबलावर आहे. मेली मेल आणि तो तालवादक, म्हणजे ड्यूक बूटी, ‘फीचरिंग’ या शब्दामागे. ज्यांनी गाणं लिहिलं आणि म्हटलं तेच पाहुणे! व्हिडिओत तर बूटीच्या ओळींवर ग्रुपमधल्या दुसऱ्यानेच ओठ हलवले. आपल्याकडे तमाशाच्या फडावर मालकाचं नाव असतं, पण तो निदान फड तरी चालवतो.

रॉयल्टी आणि नाव यांवरून फ्लॅश कोर्टात गेला. ग्रुपही फुटला. १९८३ च्या ‘व्हाइट लाइन्स’ या गाण्याच्या तबकडीवर कंपनीने छापलं: ‘ग्रँडमास्टर अँड मेली मेल’. ‘फ्लॅश’ गायब, ‘ग्रँडमास्टर’ शाबूत. दुकानात घाईने तबकडी उचलणाऱ्याला तो आहेच असं वाटावं. याला चलाखी म्हणण्यावाचून इलाज नाही. पुढे फ्लॅशचं नाव फ्लॅशकडे राहिलं, पण ‘फ्युरियस फाइव्ह’ दुसऱ्या बाजूला गेलं आणि १९८४ मध्ये ‘ग्रँडमास्टर मेली मेल अँड द फ्युरियस फाइव्ह’ अशी पाटी लागली. फ्लॅशच्या नावातला ‘ग्रँडमास्टर’ हा तबकडीवर चालणाऱ्या हाताचा मान होता. तो आता एमसीच्या नावाला चिकटला.

गाणं अमेरिकेच्या मुख्य यादीत ६२ व्या क्रमांकापलीकडे गेलं नाही, ब्रिटनमध्ये मात्र आठव्यावर पोचलं. २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहाच्या पहिल्याच यादीत ते आलं. २००७ मध्ये रॉक संगीताच्या मानदालनात प्रवेश मिळवणारा हा पहिला हिप हॉप ग्रुप ठरला. त्या सहा नावांत फ्लॅश आहे, पाचही एमसी आहेत. बूटी नाही, तो तोवर शिक्षकी पेशात गेला होता.