आरपीजीमधील सामाईक प्रोटोटाइप व सशर्त निर्देश

आयबीएमच्या आरपीजी या प्रोग्रामिंग भाषेत प्रोसिजरचा (नावाने बोलावता येणाऱ्या कोडच्या तुकड्याचा) प्रोटोटाइप, म्हणजे तिचे नाव व पॅरामीटर कंपाइलरला सांगणारी घोषणा, प्रत्येक प्रोग्राममध्ये नव्याने न लिहिता सोर्स फाइलच्या एका मेंबरमध्ये (फाइलच्या आतल्या स्वतंत्र नावाच्या भागात) ठेवतात आणि लागेल तिथे ‘/कॉपी’ किंवा ‘/इन्क्लूड’ने ओढून घेतात. तोच मेंबर एका कंपाइलमध्ये दोनदा शिरू नये, यासाठी सशर्त निर्देशांचा, म्हणजे अट पाहून सोर्सचा भाग वाचायचा की गाळायचा हे कंपाइलरला सांगणाऱ्या ओळींचा, आधार घेतला जातो. १९५९ मध्ये आयबीएम १४०१ साठी निघालेल्या या भाषेला १९९४ मध्ये ‘आरपीजी फोर’ हे रूप मिळाले. प्रोटोटाइप व सबप्रोसिजर त्यानंतरच्या आवृत्त्यांत आले.

प्रोटोटाइप नसताना काय होत असे, हे पाहिले की या खटाटोपाचे मोल कळते. जुन्या ‘कॉल’मध्ये पॅरामीटरचा फक्त पत्ता जाई. बोलावणाऱ्याने ५ अंकी पॅक्ड (एका बाइटमध्ये दोन अंक बसवणारी) संख्या पाठवली तर ती ३ बाइट व्यापते. बोलावलेल्या प्रोग्रामने ७ अंकी धरली असेल तर तो ४ बाइट वाचतो. चौथा बाइट शेजारच्या भलत्याच फील्डचा असतो. नशीब चांगले असेल तर ‘डेसिमल डेटा एरर’ येऊन काम थांबते, नाहीतर चुकीची रक्कम निमूटपणे पुढे सरकते. प्रोटोटाइप असला की ही तफावत कंपाइलर आधीच पकडतो.

मात्र प्रोटोटाइपच खरा असला पाहिजे. म्हणून बोलावणाऱ्या प्रोग्रामइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व आहे ते प्रोसिजर जिथे लिहिली आहे त्या मॉड्यूलमध्येही (एकत्र कंपाइल होणाऱ्या सोर्समध्येही) हाच मेंबर घेण्याला. तसे केले तरच कंपाइलर प्रोटोटाइप आणि प्रोसिजरचा प्रत्यक्ष इंटरफेस (तिने स्वतः जाहीर केलेले पॅरामीटर) ताडून पाहतो. आयबीएम आय या प्रणालीच्या आवृत्ती ७.१ पासून प्रोसिजरच्या स्वतःच्या मॉड्यूलमध्ये प्रोटोटाइप देणे सक्तीचे राहिले नाही. एक्स्पोर्ट होणाऱ्या, म्हणजे इतर मॉड्यूलना बोलावता येणाऱ्या, प्रोसिजरच्या बाबतीत ही सवलत धोक्याची ठरते. पुढे आलेला ‘आरईक्यूपीआरईएक्सपी’ हा कंपाइलरचा पर्याय ती सक्ती परत आणतो; मोठ्या प्रणालीत तो चालू ठेवणेच शहाणपणाचे.

सशर्त निर्देशांची गरज मेंबर एकमेकांत गुंतू लागले की भासते. ग्राहकांच्या प्रोसिजरना लागणारी डेटा स्ट्रक्चर वेगळ्या मेंबरमध्ये असतात, बिलांच्या प्रोसिजरनाही तीच लागतात. दोन्ही मेंबर एका प्रोग्राममध्ये आले की त्याच व्याख्या दुसऱ्यांदा येतात आणि कंपाइल अडते. त्यावरचा बंदोबस्त मेंबरच्या डोक्यावरच्या चार ओळींत होतो:

/इफ डिफाइन्ड(ग्राहक_पीआर)
/ईओएफ
/एंडइफ
/डिफाइन ग्राहक_पीआर

पहिल्या खेपेस ही अट अस्तित्वात नसते. कंपाइलर चौथ्या ओळीवर येऊन ती नोंदवतो आणि पुढचे प्रोटोटाइप वाचतो. दुसऱ्या खेपेस ‘/ईओएफ’ लागू होतो, उरलेला मेंबर वाचलाच जात नाही आणि काम मूळ सोर्समध्ये पुढे सुरू राहते. नोंदवलेली अट त्या कंपाइलच्या शेवटापर्यंत टिकते, त्यामुळे दोन मेंबरना चुकून एकच नाव दिले तर दुसरा गुपचूप गाळला जातो. अटीला मेंबरचेच नाव देण्याचा प्रघात यासाठीच आहे.

काही ठिकाणी सगळे प्रोटोटाइप एकाच मोठ्या मेंबरमध्ये ठेवून प्रत्येकाभोवती वेगळी ‘/इफ’ लावतात. प्रोग्रामने हव्या त्या नावांना आधी ‘/डिफाइन’ करायचे आणि मग मेंबर ओढायचा. यात वरचा एकगठ्ठा पहारा चालत नाही, प्रत्येक प्रोटोटाइपला स्वतःचा लागतो. शिवाय असा मेंबर सगळ्यांनाच हाताळावा लागतो. एका सर्व्हिस प्रोग्रामला (अनेक प्रोग्राम वापरतात अशा प्रोसिजरच्या संचाला) एक मेंबर ही मांडणी त्यापेक्षा सरस, कारण न वापरलेला प्रोटोटाइप प्रोग्रामला कोणताही कॉल जोडत नाही. लिस्टिंग (कंपाइलरने छापलेला अहवाल) तेवढी लांबते.

आरपीजी कंपाइलरच्या लेखी ‘/कॉपी’ आणि ‘/इन्क्लूड’ सारखेच. सोर्समध्ये एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) असेल तेव्हा मात्र फरक पडतो: आरपीजी कंपाइलरच्या आधी चालणारा एसक्यूएल प्रीकंपाइलर नेहमीच्या मांडणीत ‘/कॉपी’ स्वतः उलगडतो, ‘/इन्क्लूड’ पुढच्या कंपाइलरसाठी सोडून देतो. निव्वळ प्रोटोटाइपच्या मेंबरसाठी म्हणूनच ‘/इन्क्लूड’ वापरतात.